चेनसॉचा बार वाकलाय: सरळ करायचा की टाकायचा

नमस्कार. आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे मला नीट समजलाय की नाही ते तुम्हालाही कळेल. मागच्या आठवड्यातल्या आंधीत इंदूरच्या राजेंद्रनगरला तुमच्या घरामागच्या कडुलिंबाची जाड फांदी कंपाउंडच्या भिंतीवर येऊन पडली, तुम्ही ५८ सीसीच्या चेनसॉने वरून कापायला घेतली, अर्ध्यावर गेल्यावर फांदी खाली बसली आणि बार, म्हणजे चेन जिच्या कडेवरून फिरते ती लांब चपटी पट्टी, आत चिमटला. मग भाच्याने मशीनचं हँडल धरून डावीकडे-उजवीकडे हलवून ओढून काढलं, आणि बाहेर आला तेव्हा २२ इंची बार मधून वाकलेला. एक मिस्त्री म्हणतो, "भिया, गॅस से गरम करके पाँच मिनट में सीधा कर दूँगा." दुकानदार म्हणतो फेका, नवीन घ्या. तुम्ही विचारताय की यातलं खरं काय मानायचं.

गॅसला हात लावू देऊ नका, हे पहिलं आणि एकदम पक्कं. फेकायचा की नाही ते मात्र बार हातात घेऊन तपासल्याशिवाय मी सांगणार नाही, आणि ते तपासणं तुम्ही घरी करू शकता, त्याला महागडं काही लागत नाही. मी इंदूरला पंचवीस वर्षं मशीन दुरुस्ती करतो, आधी पंप आणि ग्राइंडर, गेली पंधराएक वर्षं चेनसॉ जास्त, दर वर्षी मे-जूनची वादळं झाली की आठवड्याला दोन-तीन वाकलेले बार येतातच. त्यातले साधारण निम्मे मी परत देतो की हा होणार नाही. म्हणून सांगतो, वाकलेला बार सरळ "दिसायला" लागणं खूप सोपं आहे, कोणीही करेल. तो चेन चालवायच्या लायकीचा होणं ही वेगळी गोष्ट आहे आणि सगळी मेहनत तिथेच आहे.

गॅस का नको ते नीट सांगतो, कारण मिस्त्री लोकं वाईट हेतूने नाही सांगत, त्यांनी गेटचे अँगल आणि ट्रॅक्टरच्या पट्ट्या तशाच सरळ केलेल्या असतात. पण बार म्हणजे अँगल नाही. बारच्या दोन्ही कडांना, ज्यावर चेन घसरत जाते त्या रेल्सना, कारखान्यात वेगळं पाणी दिलेलं असतं, म्हणजे फक्त कडा तापवून कडक केलेल्या असतात आणि मधलं अंग त्यापेक्षा मऊ आणि लवचिक ठेवलेलं असतं. कडक स्टील तापवलं की रंग बदलतो, सव्वादोनशे डिग्रीच्या आसपास गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, आणि तीनशेच्या आसपास निळा. गॅसचा टॉर्च लावल्यावर हे सगळे रंग अर्ध्या मिनिटात होऊन जातात आणि मिस्त्री तर लाल होईपर्यंत थांबतो. निळ्यापर्यंत गेलं म्हणजे कडेचं पाणी बरंचसं उतरलं, लालपर्यंत गेलं म्हणजे पूर्णच गेलं. मग ती चार बोटं जागा साध्या पत्र्यासारखी मऊ. चेन तिथे रोज घासणार, आणि आजूबाजूची कड तशीच राहून तेवढ्याच जागी खळगा पडणार.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. सुरुवातीच्या वर्षांत चोरलकडच्या एका शेतकऱ्याचा बार मी स्वतः गॅसवर सरळ केला होता. काचेवर ठेवला तर एकदम सपाट, मला फार समाधान वाटलं. दीड महिन्याने तो माणूस मशीन घेऊन परत आला, तापवलेल्या जागी कड एवढी बसली होती की चेन तिथे गचका खायची, आणि शेवटी बाभूळ कापताना चेन उतरून खालच्या चेन कॅचरवर, म्हणजे उतरलेली चेन अडवणाऱ्या खुंटीवर, आपटली. कॅचर होता म्हणून हात वाचला. त्या दिवसापासून माझ्या दुकानात बारजवळ टॉर्च येत नाही. वेगाचा अंदाज यावा म्हणून सांगतो, पॉइंट ३२५ पिचची (पिच म्हणजे कड्यांमधलं अंतर, इंचात) चेन, ती ओढणारं ७ दातांचं चाक म्हणजे स्प्रॉकेट, आणि ९००० आरपीएम धरले तर चेन सेकंदाला १७ मीटर पळते, म्हणजे तासाला ६० किलोमीटरच्या वर. एवढ्या वेगाने धारदार कटर ज्या खाचेतून जातात ती खाच म्हणजे तुमचा बार. त्याच्याशी अंदाजपंचे करायचं नाही.

आता तपासणी. बार मशीनवरून काढा, चेन बाजूला ठेवा, ती नंतर बघू. खाचेत भरलेला भुसा आणि तेलाचा काळा गाळ जुन्या हॅकसॉ ब्लेडच्या टोकाने पूर्ण ओढून काढा, तेल यायचं छोटं भोक पण साफ करा, मग घासलेटने धुऊन कोरडा पुसा. घाणेरडा बार तपासून काहीच कळत नाही.

मग बारची कड उजेडात धरून बघा. दोन प्रकारचे बार असतात. आपल्याकडच्या बहुतेक ५८ सीसी मशीनवर येतो तो तीन पत्र्यांचा, बाहेरचे दोन आणि मधे एक थोडा अरुंद, मधला अरुंद म्हणूनच कडेला खाच तयार होते, आणि तिन्ही स्पॉट वेल्डिंगने चिकटवलेले असतात. अंगावर गोल गोल पुसट ठिपके दिसतात तेच ते वेल्ड. दुसरा प्रकार अखंड स्टीलचा, खाच मशीनने कोरलेली, तो लांब आणि महाग बारमध्ये मिळतो. तीन पत्र्यांचा बार वाकतो तेव्हा आतले पत्रे एकमेकांवर सरकायला बघतात आणि वेल्ड सुटू शकतात. हे ओळखायची माझी पद्धत अशी की बार शेपटीकडच्या, म्हणजे मशीनला बसतो त्या टोकाच्या, भोकात दोरी ओवून लटकवायचा आणि लाकडी हँडलने हलकेच जागोजागी वाजवायचं. चांगला बार सगळीकडे एकसारखा वाजतो. वेल्ड सुटलेल्या जागी आवाज मेल्यासारखा येतो, चिरलेल्या मडक्यासारखा, आणि कान दिलात तर बारीक खरखर पण ऐकू येते. तसा आवाज आला तर थांबा, तो बार भंगारात. पत्रे परत वेल्ड करायच्या नादी लागू नका, उष्णतेची तीच भानगड परत.

आवाज ठीक असेल तर वाकलेल्या जागी भेग शोधा. त्यासाठी साधा जुना उपाय, घासलेट लावून दहा मिनिटं ठेवा, कोरड्या फडक्याने अगदी स्वच्छ पुसा आणि वरून खडूची पूड चोळा. भेग असेल तर आत मुरलेलं घासलेट पांढऱ्या पुडीवर केसासारखी काळपट रेघ काढतं. दोन्ही बाजू बघा आणि रेल्सवर जास्त लक्ष द्या, कारण कडक भाग आधी तडकतो. केसाएवढी का असेना, भेग दिसली की विषय संपला.

तिसरी गोष्ट बाकाचा आकार. बार डोळ्याला लावून बंदुकीसारखा नेम धरून ट्यूबलाइटच्या दिशेने बघा. लांबच्या लांब गोलाई असेल, धनुष्यासारखी, तर आशा आहे. एकाच जागी पुस्तकाच्या पानासारखा मुडपलेला असेल तर नाही, तिथे स्टील आतून दमलेलं असतं, सरळ केलं तरी पुढच्या चिमट्यात तिथेच परत जातं. तुम्ही "मधून केळीसारखा" असं लिहिलंय म्हणजे गोलाई असावी असं मला वाटतं. मोजायला स्वयंपाकघराच्या ओट्याचा पॉलिश केलेला ग्रॅनाइट चांगला, किंवा जाड काच, बार त्यावर फुगीर बाजू वर करून ठेवा आणि मधली फट मोजा. माझा दुकानातला हिशोब असा की २२ इंचात गोलाई १०-१२ मिलिमीटरपर्यंत असली तर मी हात घालतो, त्यापुढे नाही. आणि बाक जर नाकाजवळ असेल, म्हणजे पुढच्या चाकाच्या चार-पाच बोटं अलीकडे, तर दोन मिलिमीटर असला तरी मी तो करत नाही. नाकातलं चाक आणि त्याचं बेअरिंग बारीक असतं, तिथे जरा वाकडं राहिलं की चेन नाकावर अडकते, आणि किकबॅक येतो तो नाकाच्या वरच्या अर्ध्या भागातूनच येतो, मशीन उडून थेट तोंडाकडे. अशा जागेचा जुगाड कोणाच्याही हातात द्यायला माझं मन धजत नाही.

इथपर्यंत सगळं पास झालं तर मग सरळ करायचं, थंडच.

लागणारं सामान म्हणजे घट्ट बसवलेला मोठा व्हाइस (शिकंजा), सागवानाच्या किंवा कुठल्याही कडक लाकडाच्या पट्ट्या, दोन-तीन सी-क्लॅम्प आणि जुन्या चेनचा एक तुकडा. तो तुकडा तुमच्याच गेजचा, म्हणजे खाचेच्या रुंदीचा, पाहिजे. बारच्या शेपटीकडे पिच आणि गेज छापलेलं असतं, अशा मशीनवर बहुधा पॉइंट ३२५ आणि पॉइंट ०५८, म्हणजे दीड मिलिमीटरची खाच. पण छापलेलं वाचा, माझ्यावर विसंबू नका. मशीनवाल्याकडे तुटलेल्या चेनचे तुकडे पडलेलेच असतात, चार कड्या मागून आणा.

वाकलेल्या भागात दोन्ही कडांच्या खाचेत दीड मिलिमीटर जाडीच्या पत्र्याच्या पट्ट्या सरकवून ठेवा. ही पायरी लोक सोडतात आणि नंतर रडतात. दाब पडल्यावर खाचेच्या भिंती आत दबतात, पट्टी असली की त्यांना दबायला जागा राहत नाही.

मग बार उभा व्हाइसमध्ये धरा, दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या, आणि बाक जिथे सुरू होतो ती जागा बरोबर व्हाइसच्या ओठाच्या वर येऊ द्या. वरच्या भागाला दोन फूट लांबीच्या दोन सागवानी पट्ट्यांमध्ये सँडविच करून सी-क्लॅम्पने आवळा. हा झाला तुमचा दांडा. आता बाकाच्या उलट दिशेने दांडा हळूहळू ओढा, झटका नाही. पहिल्यांदा ओढाल आणि सोडाल तेव्हा बार होता तिथे परत येईल, त्याने खचू नका, हे स्टील स्प्रिंगसारखं आहे, सरळच्या पुढे नेल्याशिवाय ते सरळवर थांबत नाही. किती पुढे न्यायचं हे हाताला कळत जातं, मी आधी थोडं नेतो, सोडतो, बघतो, मग त्याहून जरासं जास्त. एका जागी सगळा बाक काढायचा प्रयत्न केलात तर शेजारी उलटा बाक तयार होतो आणि बार नागमोडी होतो, तो दुरुस्त करणं पहिल्यापेक्षा अवघड. म्हणून एका जागी थोडंसं, मग बार व्हाइसमध्ये दोन सेंटीमीटर वर सरकवा, परत थोडंसं, असं गोलाईच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचं. नंतर ओट्यावर ठेवून बघायचं आणि जिथे अजून फट आहे तिथे खडूची खूण करायची. माझा एक बार असा करायला पाऊण ते एक तास लागतो आणि त्यातला निम्मा वेळ फक्त बघण्यात जातो.

हातोडी शक्यतो नकोच. रेलवर तर कधीच नाही, कडक कडेचा कपचा उडून डोळ्यात जाऊ शकतो. अगदी शेवटी थोडं उरलं असेल तर लाकडाच्या ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर बार ठेवून तांब्याच्या किंवा लाकडी हातोडीने फक्त मधल्या अंगावर हलके ठोके चालतील, पण तीन पत्र्यांच्या बारला तेही बेताने.

बाक निघाला की पीळ बघा, कारण भाच्याने मशीन हलवून ओढलंय म्हणजे नुसता वाकला नसणार, थोडा पिळलेला पण असणार. शेपटीवर एक आणि नाकाजवळ एक अशा दोन सरळ पट्ट्या बारवर आडव्या ठेवा आणि मागून एका रेषेत बघा. दोन्ही समांतर दिसल्या पाहिजेत. नसतील तर शेपटी व्हाइसमध्ये लाकडांसकट धरून पुढच्या भागाला लाकडी दांडा आवळून उलट पीळ द्यायचा, परत तसंच, थोडं पुढे नेऊन सोडायचं. मी थांबतो तेव्हा ओट्यावर दोन्ही बाजूंनी ठेवून कुठेही अर्ध्या मिलिमीटरची फिलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या साधनाची, पत्ती शिरत नाही.

इथे बहुतेक लोक खूश होऊन चेन चढवतात. खरं काम आता आहे.

खाचेतल्या पट्ट्या काढा आणि तो जुन्या चेनचा तुकडा, चार कड्यांचा, खाचेत बसवून शेपटीपासून नाकापर्यंत बोटाने ढकलत न्या. डोळे मिटून केलंत तरी चालेल, बोटच सांगतं. चांगल्या खाचेत तुकडा सरसर जातो, आणि बाकाच्या जागी आला की बारीक टक् होऊन अडखळतो. तिथे खूण करा. अडखळला म्हणजे खाच आवळली आहे, फिलर गेजच्या पत्त्या जोडून, एक मिलिमीटरची आणि अर्ध्या मिलिमीटरची, तिथे सरकवून हळूहळू मोकळी करायची. पेचकस घालून पिरगाळू नका, त्याने एकीकडे उघडते आणि शेजारी चिरते. उलट, तुकडा एखाद्या जागी डावी-उजवीकडे लुडबुडत असेल तर खाच रुंद झाली आहे. दीडची पट्टी आत ठेवून, बार आडवा ऐरणीवर टेकवून, वरून रेलच्या किंचित खाली लाकडाचा ठोकळा धरून त्यावर हलके ठोके द्यायचे, म्हणजे भिंत पट्टीला येऊन टेकते. घासून घासून रुंद झालेली खाच मात्र अशी बंद करण्यात अर्थ नाही, तिथे भिंतच पातळ झालेली असते.

अजून एक चाचणी सांगतो जी जुन्या बारला पण दर महिन्याला करावी. चेन चढवून ताणून घ्या, एक सरळ स्टीलची पट्टी बारच्या अंगाला आणि कटरच्या बाहेरच्या कडेला एकदम टेकवा. कटर थोडा बाहेर असल्यामुळे पट्टी आणि बारचं अंग यांच्यात बारीक फट दिसली पाहिजे. फट नसेल, पट्टी बारला सपाट चिकटत असेल, म्हणजे चेन खाचेत एका बाजूला कलंडते आहे. असा बार कधीच सरळ कापत नाही, तुम्ही कितीही धार लावा.

मग रेल्स. बार ओट्यावर उभा, कडेवर, धरून शेजारी गुण्या लावा, दोन्ही रेल्स एका उंचीत पाहिजेत. वाकवताना-सरळ करताना एक रेल वर-खाली झालेली असते. चपटी बारीक कानस घेऊन बारच्या अंगाशी काटकोनात धरून लांब लांब हात मारायचे, एकाच जागी घासत बसायचं नाही. कानस तिरकी गेली की रेल तिरकी होते, म्हणून कानशीला एका लाकडी ठोकळ्याचा आधार द्या. कडेला बाहेर आलेला पात्यासारखा पातळ पत्रा असतो तो पण कानशीने उडवा, बोट कापतं त्याने. चांगल्या रेलवर कानस जरा घसरल्यासारखी चालते, कारण ती कडक आहे. एखाद्या जागी कानस एकदम मऊ चावायला लागली आणि तिथे निळसर डाग दिसला तर समजा कोणीतरी आधीच तापवलाय किंवा बिनतेलाचा चालून चालून पाणी उतरलंय. उंचीत खूप फरक असेल तर सांवेर रोडला ग्राइंडिंगवाल्यांकडे होतं काम, पण त्यांना दर पासला अगदी थोडं आणि कुलंट (थंड ठेवणारं पाणी) चालू ठेवून घ्यायला सांगा.

खर्चाचं पण बोलू. लोकल २२ इंची बार सियागंजात स्वस्तात मिळतो, आणि एखाद्या मेकॅनिकने वर सांगितलेलं सगळं प्रामाणिकपणे केलं तर त्याची मजुरी बारच्या किमतीला येऊन लागते. स्वतःच्या हाताने, सुट्टीच्या दिवशी करणार असाल तर जरूर करा, मजुरी देऊन करून घेणार असाल तर लोकल बारसाठी मी तरी नवीनच घ्या म्हणेन. २५-३० इंची अखंड स्टीलचा चांगला बार असता तर माझं उत्तर उलट असतं.

चेन. जी चेन त्या चिमट्यात होती ती हातात घेऊन एकेक कडी वाकवून बघा. खालचे दात, जे खाचेत बसतात, ते वाकलेले किंवा घासून चपटे झालेले असतील, बाजूच्या पट्टीला कुठे चीर असेल किंवा कडी अडकून सरळ होत नसेल, तर चेन बदला. सरळ केलेला बार आणि दुखावलेली चेन ही जोडी मी कधी चालवू देत नाही. कव्हर काढून बार ज्यांवर बसतो ते दोन स्टड पण बघा, हलवाहलवीत ते कलले असतील तर बार मशीनला सरळ बसणारच नाही आणि तुम्ही बारला दोष देत बसाल. चेनब्रेक ओढून सोडून बघा. नाकातलं चाक बोटाने फिरवा, खडखड नको, अडकणं नको.

चढवल्यावर मशीन बंद ठेवून, हातमोजे घालून चेन पूर्ण दोन-तीन फेरे हाताने ओढा. मग चालू करून मध्यम थ्रॉटलवर एखादा मिनिट चालवा, नाक एका पुठ्ठ्याच्या दिशेने एक वीत दूर धरा, पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. मशीन बंद करा, चेन पूर्ण थांबू द्या, आणि बारच्या अंगावर शेपटीपासून पुढे हात फिरवा. सगळीकडे कोमट असेल तर उत्तम. दुरुस्त केलेल्या जागी चटका बसत असेल तर खाच तिथे अजून आवळलेली आहे, काढा आणि परत तुकडा फिरवा. पहिलं कापणं एखाद्या मऊ, जमिनीवर नीट टेकलेल्या ओंडक्यावर, सुबाभूळ वगैरे. काप एका बाजूला गोल वळत गेला तर रेल्सची उंची किंवा दोन्ही बाजूंच्या कटरची लांबी, दोनपैकी एक चुकलंय. पहिल्या तासाभराच्या कामानंतर बार काढून परत ओट्यावर ठेवा. परत वाकायला लागला असेल तर त्याला सोडून द्या.

आता तुमची अर्धी कापलेली फांदी अजून भिंतीवर तशीच आहे असं तुम्ही शेवटी लिहिलंय, आणि मला बारपेक्षा त्याची जास्त काळजी वाटते, कारण नवीन बार पण तिथेच चिमटणार. ती फांदी एका टोकाला भिंतीवर आणि दुसऱ्या टोकाला जमिनीवर टेकलेली, मधे अधांतरी. अशी फांदी मधे खाली दबते, म्हणजे वरची बाजू आवळलेली आणि खालची ताणलेली. तुम्ही वरून कापत गेलात, कापाचं तोंड मिटलं, बार अडकला. वरून जाडीच्या फार तर एक तृतीयांश जायचं, त्याच कापात मागून लाकडी किंवा प्लास्टिकची पाचर ठोकायची, आणि उरलेलं खालून वर. खालून कापताना बारची वरची कड काम करते आणि मशीन तुमच्याकडे ढकललं जातं, म्हणून डावा हात सरळ, अंगठा हँडलखाली गुंडाळलेला, आणि शरीर बारच्या रेषेतून बाजूला. एका टोकाला लटकणारी फांदी असेल तर याच्या उलट, आधी खालून एक तृतीयांश, मग वरून. खांद्याच्या वर मशीन न्यायचं नाही, भिंतीवर चढून तर अजिबात नाही, आणि पायात चपला नकोत.

आणि एवढं करूनही चिमटलाच तर पहिल्यांदा मशीन बंद. १९२६ मध्ये आंद्रेयास श्टील यांनी बनवलेलं पहिलं विजेवरचं चेनसॉ ६४ किलोचं होतं, दोन माणसं लागायची, त्याची पहार करायचं कोणाच्या मनातही आलं नसेल. आताची मशीन हातात हलकी लागतात म्हणून माणूस आपसूक तिला हलवतो, तुमच्या भाच्याने केलं ते दहातले आठ जण करतात, त्याला रागावू नका, दाखवून द्या. पाचर ठोकून किंवा खालून पहार-ओंडका लावून फांदी उचला, काप उघडला की बार स्वतःच सैल होतो. उचलत नसेल तर कव्हरचे दोन नट पान्याने सोडवा, कव्हर काढा, मशीन बारपासून वेगळं करून बाजूला ठेवा, बार आणि चेन फांदीतच राहू द्या. मग हात-करवतीने अडकलेल्या जागेपासून हातभर लांब दुसरा काप घ्या, तिथलं वजन गेलं की बार हाताने निघतो. करवतीने तुमच्या फांदीला वीस-पंचवीस मिनिटं लागतील.